संदर्भ द्या, पुराव्यानिशी बोला!

'बाबासाहेब म्हणाले होते' एवढे लिहून आपली अनेक माणसे मोकळी होतात. कुठे, केव्हा, कोणत्या पानावर? उत्तर नसते. न्यायालयात असे चालत नाही. आम्ही वकील निवाड्याचे नुसते नाव घेऊन थांबत नाही. इंद्रा साहनी खटला म्हटला की 'एआयआर १९९३ एससी ४७७' हेही सांगावे लागते, म्हणजे न्यायाधीशांना ते पान उघडून पाहता येते.

शोधनिबंधाचेही तसेच आहे. आज आपली मुले-मुली पीएच.डी. करीत आहेत. एपीए पद्धतीत लेखक, वर्ष, ग्रंथ, प्रकाशक हा क्रम ठरलेला आहे. अवतरण दिले तर पान क्रमांकही हवा. 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' १९३६ चे. महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली ते पहिल्या खंडात १९७९ साली छापले. नुसते १९७९ लिहिले तर महापरिनिर्वाणानंतर २३ वर्षांनी ते लिहिले गेले, असे वाचकाला वाटेल! म्हणून मजकुरात '(आंबेडकर, १९३६/१९७९)' अशी दोन्ही वर्षे द्यावीत. शेवटी संदर्भसूचीत संपादक, खंड आणि प्रकाशक यावेत.

ही कारकुनी नव्हे. बिनसंदर्भाचे वाक्य विरोधक 'बनावट' म्हणून सहज उडवून लावतो. खंड आणि पान दिले की त्याला ग्रंथ उघडावाच लागतो. ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. तो उपदेश आपल्या लेखणीलाही लागू आहे. तरुणांनो, खंड-पान पाहिल्याशिवाय बाबासाहेबांच्या नावावर एकही वाक्य लिहू नका.

जयभीम!