चाचणी पडली, दोष कोणाचा?

तत्त्वज्ञानाचा मास्तर सॉफ्टवेअरवर काय बोलणार, असं काहींना वाटेल. पण आजचा प्रश्न मुळात आमच्याच प्रांतातला आहे. चाचणी पडली, तर कारण कशाला म्हणायचं?

आज कुठलाही प्रोग्रॅम एकट्याच्या बळावर उभा नसतो. इतरांनी लिहिलेल्या शेकडो लायब्ररी तो वापरतो. त्यांना डिपेंडन्सी म्हणतात. कोणी कोड बदलला की सर्व्हर आपोआप या लायब्ररी उतरवून घेतो आणि चाचण्या चालवतो. समजा, काल सगळ्या चाचण्या पास होत्या. आज एका नवख्या मुलीने एक ओळ बदलली आणि चाचणी पडली. बोट लगेच तिच्याकडे वळतं. पण रात्रीतून एखाद्या लायब्ररीची नवी आवृत्ती आली असेल तर?

जानेवारी २०२२ मध्ये असंच झालं. 'कलर्स' ही जावास्क्रिप्टची छोटी लायब्ररी. काम एवढंच, की टर्मिनलवरची अक्षरं रंगीत करायची. मोठ्या कंपन्या आपलं काम फुकट वापरतात, अशी तिच्या लेखकाची जुनी तक्रार होती. त्याने १.४.१ ही आवृत्ती मुद्दाम बिघडवून सोडली. तिच्यात कधीच न थांबणारं लूप होतं. ज्यांच्या यादीत '१.४.० किंवा त्यापुढची चालेल' अशी सूट होती, त्यांच्याकडे ती निमूटपणे शिरली. स्वतःच्या कोडचं अक्षरही न बदलता प्रोग्रॅम अडकले. ज्यांनी नेमकी १.४.० बांधून ठेवली होती, ते वाचले.

आपल्याकडे न्यायशास्त्रात अन्वय-व्यतिरेक सांगतात. हे असताना ते असतं, हे नसताना ते नसतं. यात एक अट दडलेली आहे बघा: बाकी सगळं तेच हवं. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ साली ही अट उघड मांडली. आवृत्ती बांधणं म्हणजे ही अट पाळणं, दुसरं काही नाही. मात्र आपल्या लायब्ररीही आणखी कोणावर तरी अवलंबून असतात. म्हणून नुसती आपली यादी पुरत नाही. सगळ्यांच्या नेमक्या आवृत्त्या नोंदवणारी लॉक फाइल लागते, आणि चाचणीच्या वेळी तिच्याबरहुकूमच सगळं उतरवावं लागतं.

मग कायमचं बांधून ठेवावं का? नाही. डिसेंबर २०२१ मध्ये 'लॉगफोरजे' या जावाच्या लायब्ररीत मोठं भगदाड सापडलं. तिथे जुन्या आवृत्तीला चिकटून बसणं हाच धोका होता. तेव्हा आवृत्ती बदलायची, नियमाने बदलायची. पण तो बदल वेगळा करायचा, एकटा करायचा, आणि मग चाचणी घ्यायची. पडली, तर कारण समोर दिसतं.

हे पाळलं नाही, तर लोक म्हणायला लागतात, "पडली का? परत चालवून बघ." त्या दिवशी चाचणीचं प्रामाण्य गेलं, असं समजा. मग ती खरा दोष दाखवते, तेव्हाही तिचं कोणी ऐकत नाही.