समुद्रात विरघळलेला वायू मोजायचा कसा?

नाशिक जिल्हा म्हटला की गोदावरी आठवते. पण याच जिल्ह्यातील सुरगाणा तालुक्याच्या डोंगरांतून नार आणि पार या नद्या पश्चिमेला वाहतात व त्यांचे पाणी गुजरातेत वलसाड जिल्ह्यात अरबी समुद्राला मिळते. या पाण्याबरोबर कार्बनही समुद्रात जातो. पावसाच्या पाण्यात हवेतील आणि मातीतील कार्बन डाय-ऑक्साइड विरघळतो, त्याचे सौम्य आम्ल बनते, ते काळ्या पाषाणाला हळूहळू झिजवते आणि त्यातून बायकार्बोनेट तयार होते.

समुद्राच्या पाण्यातील अशा कार्बनचे शंभर भाग केले, तर सुमारे ९० भाग बायकार्बोनेट, ९ भाग कार्बोनेट आणि जेमतेम १ भाग विरघळलेला वायू असतो. म्हणजे एका लिटरमध्ये हा वायू अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास! तरीही महत्त्व या एका भागालाच आहे. कारण हवेशी देवाणघेवाण करतो तो फक्त वायूच. त्याचा दाब हवेत जास्त असेल तर समुद्र तो शोषतो. पाण्यात जास्त असेल तर बाहेर टाकतो.

मग बाटलीत पाणी भरून प्रयोगशाळेत का आणू नये? पाणी १ अंश सेल्सिअसने तापले तरी या वायूचा दाब सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो. शिवाय बाटलीतील सूक्ष्मजीव श्वसन करून नवा वायू सोडतात. म्हणून मोजणारे साधनच पाण्यात सोडणे उत्तम. अशा साधनाला ‘संवेदक’ म्हणतात.

फुग्याची युक्ती

रबरी फुग्यात पाणी भरले तर ते गळत नाही. पण फुगवलेला फुगा दुसऱ्या दिवशी मलूल होतो. रबर पाण्याला अडवते, वायूला मात्र हळूहळू वाट देते. संवेदकाच्या तोंडावर सिलिकोन रबराचे असेच पातळ पटल असते. पाणी व क्षार बाहेर राहतात, वायू आत येतो.

आत आलेला वायू ओळखायचा कसा? हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली करा. पाव पेला पाण्यात अर्धा चमचा चुन्याची निवळी व फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब टाका. पाणी गुलाबी होईल. नळीने त्यात फुंका (ओढू नका!). थोड्या वेळात रंग जाईल, कारण तुमच्या श्वासातील वायूने पाण्याचा अल्कधर्म कमी केला. काही संवेदकांत पटलामागे असेच रंग बदलणारे द्रावण असते आणि त्यातून जाणारा प्रकाश रंगाचे अचूक मोजमाप देतो. दुसऱ्या प्रकारात आत आलेल्या वायूतून अवरक्त किरण सोडतात. कार्बन डाय-ऑक्साइड हे किरण शोषतो. जितका वायू जास्त, तितके पलीकडे पोचणारे किरण कमी.

पटलाची ही कल्पना वैद्यकातही वापरली गेली. रक्तातील हाच वायू मोजण्यासाठी रिचर्ड स्टो यांनी १९५४ मध्ये पटल लावलेला विद्युतदंड मांडला व जॉन सेव्हरिंगहाउस यांनी १९५८ पर्यंत त्यात सुधारणा केली.

समुद्रात अडचणी वेगळ्या. पटलावर शेवाळ आणि शिंपल्यासारखे जीव चिकटतात. तेही श्वसन करतात आणि मोजणी बिघडवतात. म्हणून भोवती तांब्याची जाळी बसवतात, कारण तांबे या जीवांना मानवत नाही. शिवाय ठराविक काळाने ज्ञात प्रमाणाचा वायू देऊन संवेदक तपासावा लागतो.

एवढी खटपट कशासाठी?

माणसाने हवेत सोडलेल्या कार्बन डाय-ऑक्साइडचा सुमारे चौथा हिस्सा जगातील समुद्र शोषतात. पण सर्व समुद्र सारखे नाहीत. गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात जहाजांवरून केलेल्या मोजणीत मध्य व पूर्व अरबी समुद्र हवेला उलट वायू देताना आढळला. पावसाळी वाऱ्यांमुळे खोल पाणी वर येते आणि तेथे साठलेला वायूही वर आणते. नेमक्या याच दिवसांत समुद्र खवळलेला असतो. जहाज तेथे फार काळ थांबू शकत नाही. तरंगत्या बोयाला बांधलेला संवेदक मात्र महिनोन्‌महिने नोंदी घेऊ शकतो.

येत्या पावसाळ्यात एक काम करा. उघड्यावर धरलेले पावसाचे पाणी आणि जवळच्या नदीचे पाणी यांचा सामू दर्शक कागदाने तपासा. दोन्हींत फरक आढळला, तर त्याचे कारण शोधा.