दोन यूपीएस, निम्मा भार

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबईची वीज गेली. अशा वेळी जनरेटर सुरू व्हायला काही सेकंद लागतात. तेवढ्यात रुग्णालयाचा किंवा बँकेचा सर्व्हर बंद पडू नये, म्हणून यूपीएसची बॅटरी लागते. पण यूपीएसच बिघडला तर? त्यासाठी मोठ्या सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय असतात. त्यांच्या वायरी दोन वेगळ्या यूपीएसना जोडाव्यात. मात्र प्रत्येकावर क्षमतेच्या निम्म्याहून कमीच भार ठेवावा. दोन्हींवर ६० टक्के असेल, तर एक बंद पडताच दुसऱ्यावर १२० टक्के येतो आणि तोही मान टाकतो. उष्णतेने बॅटऱ्या लवकर थकतात. म्हणून वर्षातून एकदा, सुट्टीच्या दिवशी, एक यूपीएस मुद्दाम बंद करून पाहावा. दुसरा टिकला, तरच व्यवस्था दुहेरी म्हणायची.