सरळ रेघ वाकते तेव्हा

१९५४ साली पिंपरीस हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पुढे आकुर्डी-चिंचवड-भोसरीच्या माळांवर जी यंत्रनगरी वसली, तिच्यात मायक्रोमीटरने केसाएवढे अंतर मोजण्यात हयात घालविलेली पिढी आता निवृत्त आहे. त्यांपैकी एखाद्यास दाराची सरळ चौकट मध्येच वाकलेली दिसू लागली, तर त्याने चष्म्यास दोष न देता पीतबिंदूची तपासणी करून घ्यावी.

पीतबिंदू हा दृष्टिपटलाचा मध्यभाग. वाचणे आणि चेहरे ओळखणे त्याच्याच बळावर. त्यामागील कोरॉइड नामक थरातून, वजनाच्या मानाने पाहता, शरीरातील बहुतेक अवयवांहून अधिक रक्त वाहते, कारण प्रकाशपेशींची प्राणवायूची मागणी अफाट. वार्धक्यात होणाऱ्या पीतबिंदूच्या ऱ्हासाच्या रोगात तेथील केशवाहिन्या विरळ होतात, ड्रुसेन नावाचा मळ साचतो, आणि काहींच्या डोळ्यांत नव्या, नाजूक, झिरपणाऱ्या वाहिन्या फुटतात. त्यांस आवर घालण्यासाठी डोळ्यात इंजेक्शने द्यावी लागतात.

सर्वांनाच हे का होत नाही? २००५ साली संशोधकांचे बोट सीएफएच या जनुकाकडे वळले. त्यापासून बनणारे प्रथिन म्हणजे शरीराच्या संरक्षक शिबंदीचा जणू जमादार. त्याच्या ४०२व्या स्थानी टायरोसीनऐवजी हिस्टिडीन आले की शिबंदी बेलगाम होऊन घरच्याच मुलखात धुमाकूळ घालते. परंतु वारसा म्हणजे हुकूमनामा नव्हे. विडी-सिगारेट हा जोखमीत मोठीच भर घालणारा, आणि सुदैवाने टाळता येणारा, भाग आहे. चाकणला कामावर जाणाऱ्या मुलाने वडिलांचा रोग ध्यानी ठेवून ती सोडावी. भिंतीवरील दिनदर्शिकेच्या चौकटी सरळ दिसतात ना, हे एकेक डोळा झाकून पाहण्यास तर दमडीही पडत नाही.