रेवदंड्याचा कोट व चेऊल बंदर

गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेतील मुलांस युरोपातील जुन्या नगरांची चित्रे दाखविण्याचा प्रसंग आला. त्यांत जर्मनीतील टाउबर नदीकाठच्या रोथेनबुर्ग गावाची चित्रे सर्वांस फार आवडली. सभोवार मध्ययुगीन तट, तटावरून छपराखालून चालण्याची वाट, बाजारचौकात नगरसभेचा उंच मनोरा, आणि संध्याकाळी हातात कंदील घेऊन प्रवाशांस गल्लीगल्लीतून हिंडविणारा, जुन्या पहारेकऱ्याचा वेष केलेला वाटाड्या. चित्रे संपताच मागच्या बाकावरून प्रश्न आला, "असे तटाआतले गाव आपल्याकडे का नाही?"

आहे, आणि ते विचुंब्याहून एका दिवसात पाहून येण्याइतके जवळ आहे. जानेवारीत आम्ही मुलांस तेथे घेऊन गेलो. त्या सहलीची हकिगत व ते गाव कसे पाहावे याविषयी दोन शब्द, येथे पालकांच्याही उपयोगासाठी लिहीत आहोत.

गाढी नदी ओलांडून पनवेलचे एस. टी. स्थानक गाठावे. तेथून पेण, वडखळ, कार्लेखिंड या वाटेने अलिबाग, व अलिबागेहून मुरुडच्या रस्त्याने सुमारे १७ किलोमीटरांवर रेवदंडा. या रस्त्यावर नारळी-पोफळींची दाट वाडी लागते, मधेच एका जाड भिंतीच्या खिंडारातून गाडी जाते, आणि पुन्हा वाडी सुरू होते. आम्ही उतरलो तेव्हा मुले इकडेतिकडे पाहू लागली. कोट कोठेच दिसेना. विहिरीवर पाणी भरीत असलेल्या एका म्हाताऱ्या बाईंस एका मुलाने विचारले, "आजी, कोट कोणीकडे हो?" त्या हसून म्हणाल्या, "अरे बाळांनो, कोटातच उभे आहात की!"

रेवदंडा पाहण्याची किल्ली या एका उत्तरात आहे. रोथेनबुर्गात तट गावाभोवती दिसतो. येथे तटाच्या आत एक मोठे शहर होते, ते गेले, आणि त्याच्या जागी वाडी उगवली. नारळीच्या आळ्याशेजारी प्रार्थनामंदिराची कमान, गोठ्यामागे मठाची भिंत, असा हा प्रकार आहे. पाटी वाचून पुढे जाणाऱ्यास येथे फारसे काही मिळत नाही. घरोघर विचारीत, वाडीवाल्याची परवानगी घेत हिंडावे लागते.

प्रथम नावांचा घोटाळा दूर केला पाहिजे. चौल अथवा चेऊल हे बंदर फार प्राचीन. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत त्याचे नाव चेमुल असे येते, 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात सेमुल्ला, तर अरब लेखकांच्या लिखाणात सैमूर. इ. स. ९१६ च्या सुमारास येथे आलेला मसूदी हा अरब प्रवासी, या बंदरात सुमारे दहा हजार मुसलमान राहतात असे लिहून गेला आहे. राज्य मात्र शिलाहारांचे होते. पुढे निजामशाहीच्या काळी खाडीकाठचे जुने चेऊल निजामशहाचे, व समुद्रालगतचे खालचे चेऊल पोर्तुगीजांचे, अशी दोन गावे शेजारी शेजारी नांदू लागली. हे खालचे चेऊल म्हणजेच आजचा रेवदंडा.

पोर्तुगीजांच्याही आधी येथे एक युरोपीय येऊन गेला, ही गोष्ट मुलांस विशेष नवलाची वाटली. अफानासी निकितीन हा रशियातील त्वेर नगरचा व्यापारी होर्मुझहून एक घोडा घेऊन गलबताने निघाला आणि १४६९ च्या सुमारास चेऊलास उतरला. वास्को द गामा कालिकतला आला तो १४९८ साली. म्हणजे निकितीन त्याच्या जवळजवळ तीस वर्षे आधीचा. आपण गोरे म्हणून लोक आपल्यामागून पाहत येत, असे त्याने टिपून ठेवले आहे. पुढे जुन्नरास त्याचा घोडा तेथल्या खानाने हिरावून घेतला आणि मोठ्या खटपटीने तो त्यास परत मिळाला. रेवदंड्यास एका शाळेच्या आवारात त्याचे स्मारक आहे. ते २००२ साली उभारले गेले. पाचशे वर्षांपूर्वीचा एक घोडेव्यापारी शाळेच्या अंगणात आठवणीने उभा आहे, हे आम्हांस कोणत्याही राजाच्या पुतळ्याइतकेच मोलाचे वाटले.

१५०८ साली या खाडीच्या तोंडाशी मोठी आरमारी लढाई झाली. ईजिप्तच्या सुलतानाचे आरमार आणि दीवचा मलिक अयाझ यांनी मिळून पोर्तुगीजांस गाठले, व पोर्तुगीज व्हाइसरॉयचा तरुण मुलगा लोरेन्सो द आल्मेदा येथे पडला. बापाने दुसऱ्या वर्षी दीवच्या लढाईत त्याचा सूड घेतला. त्यानंतर १५२१ ते १५२४ या काळात पोर्तुगीजांनी येथे किल्ला बांधला. १५७० साली मुर्तझा निजामशहाने त्यास वेढा घातला, त्याच वेळी आदिलशहा गोव्यावर चालून गेला. परंतु काही महिन्यांच्या झुंजीनंतर १५७१ साली तह होऊन दोन्ही ठिकाणी पोर्तुगीज टिकले. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतल्यावर मात्र या मुलखातील त्यांचे बळ सरले, आणि १७४० च्या तहाने हा कोट मराठ्यांच्या हाती आला. व्यापार तर त्याआधीच मुंबईकडे व सुरतेकडे वळत चालला होता. खाडी गाळाने भरली, आणि येथल्या रेशमी व सुती वस्त्रांचे नाव मागे राहिले.

आता प्रत्यक्ष काय पाहावे. भरती-ओहोटीची वेळ आधी विचारून घ्यावी, कारण समुद्राकडील तट ओहोटीस पुळणीवरून जसा पाहता येतो तसा आतून दिसत नाही. काळ्या दगडांत वड-पिंपळांची मुळे शिरली आहेत. ती काही ठिकाणी दगड धरून ठेवतात व काही ठिकाणी फोडतात, असे दोन्ही एकाच भिंतीत दिसते. वाडीतील सर्वांत उंच अवशेष म्हणजे सातखणी. नावावरून मुलांनी सात मजल्यांचा बुरूज धरला. तो वस्तुतः फ्रान्सिस्कन मठाच्या देवालयाचा मनोरा होय. सात खणांपैकी आज किती उरले हे खालूनच मोजावे. वर चढण्याची खटपट करू नये. सेंट फ्रान्सिस झेविअर यांचे नाव सांगितले जाते ते प्रार्थनागृह, मोडक्या कमानी, व कोठे कोठे पडलेल्या तोफा हे वाटेत येतेच.

येथे एक कबुली दिली पाहिजे. सातखणीजवळ आमची शिदोरी सोडून होते न होते तोच दोघा मुलांनी कोळशाने भिंतीवर आपली नावे, इयत्ता व तुकडी लिहून टाकली. इयत्ता लिहिल्यामुळे गुन्हेगार शोधण्याचे श्रम वाचले. रागावण्याऐवजी आम्ही त्यांस रोथेनबुर्गची राहिलेली गोष्ट सांगितली. ते गाव मध्ययुगातून जसेच्या तसे आले आहे असे प्रवाशास वाटते. पण ३१ मार्च १९४५ रोजी त्यावर विमानांतून बाँब पडले, कित्येक घरे जळाली व तटाचाही मोठा भाग ढासळला. तो पुन्हा बांधण्यासाठी जगभरच्या लोकांनी पैसे दिले, आणि ज्याने तटाच्या तुकड्यासाठी देणगी दिली त्याचे नाव तेथे दगडावर कोरून लावले. आज तटावरून चालताना ही नावे वाचीत जाता येते. म्हणजे भिंतीवर नाव तेथेही आहे. फक्त ते भिंत बांधणाराचे आहे. मुले काही बोलली नाहीत. ओल्या फडक्याने कोळसा पुसावयास पाऊण तास लागला आणि जेवण दुपारी अडीचला झाले. काळसर डाग थोडा राहिलाच.

दुपारी कुंडलिकेच्या मुखावरील पूल ओलांडून कोर्लईस गेलो. समुद्रात शिरलेल्या टेकडीवरील तेथला किल्ला प्रसिद्ध आहे. १५९४ साली पोर्तुगीजांनी तो निजामशाहीकडून घेतला. चढण मोठी नाही व वरून दोन्ही बाजूंचे पाणी दिसते. तथापि कोर्लईचे खरे आश्चर्य किल्ल्यावर नाही, पायथ्याच्या गावात आहे, व ते पाहावयाचे नसून ऐकावयाचे आहे. येथील ख्रिस्ती कुटुंबे आपसांत जी भाषा बोलतात तिला ती 'नो लिंग', म्हणजे 'आमची भाषा', म्हणतात. ती पोर्तुगीजांपासून निघाली. १७४० नंतर पोर्तुगीज निघून गेले, त्यांच्या मुलखाशी संबंध तुटला, आणि चहूकडे मराठी बोलणाऱ्या शेजाऱ्यांत ही वस्ती एकटी राहिली. शब्द बरेचसे पोर्तुगीज राहिले, पण वाक्याची घडण मराठीच्या वळणावर गेली. मराठीप्रमाणे क्रियापदही वाक्याच्या शेवटी येऊ लागले. क्लेमेंट्स नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने १९९६ साली या भाषेवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. बोलणारे मात्र हजाराच्या आतबाहेर आहेत. शाळा मराठी, बाजार मराठी, नोकरी बाहेरगावी. तेव्हा ही भाषा घरच्या ओसरीवर जितकी बोलली जाईल तितकीच राहणार. तट पडला तर रोथेनबुर्गप्रमाणे पुन्हा उभारता येतो. पण बोलणारे संपल्यावर या भाषेचा तट कोणत्या दगडांनी उभारावा, हे आम्हांस सुचले नाही. चर्चच्या पायरीवर बसलेल्या एका मुलाकडून आमच्या मुलांनी दहा शब्द वहीत उतरून घेतले व त्याला विचुंब्याच्या बाजूचे दहा शब्द दिले. तो व्यवहार दोन्ही पक्षांस मानवला.

वेळ उरल्यास परतीच्या वाटेवर चौलचे रामेश्वर मंदिर पाहावे. पुढ्यात बांधीव पोखरण आहे. मंदिरात पर्जन्य, वायू व अग्नी अशी तीन कुंडे असून अवर्षणाच्या वर्षी पर्जन्यकुंड उघडण्याची पूर्वापार चाल सांगतात. दत्ताच्या टेकडीच्या शेकडो पायऱ्या मात्र त्याच दिवशी चढण्याचा हट्ट लहान मुलांनी धरू नये.

रेवदंड्यास बेने इस्राएल लोकांचे सिनेगॉगही आहे. हे लोक घरी मराठी बोलत, तेलाचे घाणे चालवीत, व शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून त्यांस शनिवार तेली म्हणत. त्यांतील बहुतेक कुटुंबे १९४८ नंतरच्या काळात इस्राएलास गेली. तेथून त्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही काढले. आपल्या पनवेलातही त्यांचे १८४९ सालचे सिनेगॉग आहे. त्यावरून रोज शाळेस जाणाऱ्या आमच्या कित्येक मुलांस ही इमारत कशाची आहे हे रेवदंड्यास जाईपर्यंत ठाऊक नव्हते.

पालकांस सूचना एवढीच की, पिण्याचे पाणी व टोपी बरोबर द्यावी, वाडीतील नारळ पडलेला असला तरी मालकास विचारल्यावाचून उचलू नये असे घरूनच सांगून ठेवावे, आणि अलिबागेहून पनवेलास येणाऱ्या संध्याकाळच्या गाडीची वेळ सकाळी उतरतानाच विचारून घ्यावी. आमची एक गाडी चुकली व मुलांनी स्थानकाच्या कट्ट्यावर बसून ते दहा शब्द पाठ केले.