शब्द सापडतो, संभाषण अडते

पक्षाघाताने किंवा डोक्याला झालेल्या गंभीर दुखापतीने मेंदूतील भाषेची केंद्रे आणि त्यांना जोडणारे तंतू निकामी झाले, म्हणजे बोलण्याची वा समजण्याची क्षमता ढासळते. या विकाराला वाचाघात म्हणतात. त्याच्या जवळजवळ सर्व प्रकारांत एक तक्रार हमखास आढळते: वस्तू ओळखता येते, तिचा उपयोगही ठाऊक असतो, पण नाव काही केल्या ओठांवर येत नाही.

नाव उच्चारले जाण्यापूर्वी मेंदूत आधी अर्थ आणि मग त्या अर्थाला जोडलेला ध्वनी जागा व्हावा लागतो, आणि अडथळा यांपैकी कोठे आहे हे पाहून उपचार ठरतो. ‘विळी’ हा शब्द अडला असेल, तर ध्वनिसंकेत म्हणून ‘वि’ एवढाच पहिला उच्चार पुरवला जातो. याउलट मेरी बॉइल आणि कार्ल कोएल्हो यांच्या १९९५च्या अभ्यासानंतर विशेष रूढ झालेल्या अर्थलक्षण-विश्लेषणात ती वस्तू कोणत्या गटातली, कशासाठी वापरतात, कोठे ठेवतात, दिसते कशी, हे रुग्णाकडूनच वदवून घेतले जाते, जेणेकरून संबंधित अर्थ चाळवले जाऊन शब्दापर्यंत वाट मिळावी.

असा सराव घरी संगणकावर केल्यास काय साधते, याचा काटेकोर शोध ब्रिटनमधील ‘बिग कॅक्टस’ या चाचणीने घेतला. रेबेका पामर यांच्या नेतृत्वाखालील या चाचणीत पक्षाघातानंतर किमान चार महिने उलटलेल्या २७८ व्यक्ती होत्या आणि तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त प्रसिद्ध झाले. तिची रचना मुद्दाम लक्षात घेण्याजोगी आहे, कारण नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटाखेरीज कोड्यांची पुस्तके आणि नियमित दूरध्वनी मिळणारा तिसरा गटही तिच्यात होता. कोणीतरी लक्ष पुरवते एवढ्यानेच सुधारणा होते की काय, ही शंका त्यामुळे तपासता आली. सहा महिन्यांनी, सराव करणाऱ्यांना स्वतः निवडलेले शब्द नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत सुमारे १६ टक्के अधिक आठवू लागले आणि कोड्यांच्या गटालाही त्यांनी मागे टाकले. संभाषणात मात्र मोजण्याजोगी सुधारणा दिसली नाही.

म्हणून अमुक ॲपने वाचा परत येते, ही जाहिरात दिशाभूल करणारी ठरते. चित्र पाहून सावकाश नाव सांगणे निराळे आणि समोरचा बोलत असताना शब्द शोधून, वाक्यात बसवून, आपली पाळी साधणे निराळे. दुसऱ्या कौशल्याचा सराव खऱ्या माणसांशी बोलतानाच व्हावा लागतो, आणि त्यासाठी कुटुंबीयांना थांबण्याचे व संकेत देण्याचे प्रशिक्षण हवे. तरीही नातवाचे नाव, औषध, आवडता पदार्थ असे निवडक शब्द पुन्हा हाती येणे हा लाभ मोठाच आहे, मात्र ती यादी रुग्णाच्या स्वतःच्या जगण्यातून आलेली असली पाहिजे.