दुकान बंद न ठेवता स्टॉक कसा मोजायचा?

आजचा विषय ऐकायला रुक्ष आहे, पण ज्यांच्या घरी दुकान आहे त्यांनी शेवटपर्यंत ऐका. विषय आहे स्टॉकची मोजणी. उदाहरण आपल्या जालन्यातलंच घेतो, कृषी सेवा केंद्राचं.

जालना म्हणजे बियाण्यांचं गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथेच महिको सुरू केली. इथल्या कृषी सेवा केंद्रात स्टॉकचा आकडा तीन ठिकाणी असतो : रजिस्टरमध्ये, खताच्या पॉस मशीनमध्ये आणि प्रत्यक्ष गोदामात. हे तिन्ही जुळायला हवेत. अनुदानाचं खत पॉसवर नोंदवूनच विकायचं असतं. पण मृगाचा पाऊस पडला की गर्दी उसळते. "गोणी घेऊन जा, नोंद नंतर करू" असं झालं, की मशीनमध्ये ४० आणि थप्पीत ३७! तपासणीला अधिकारी आले तर काय सांगणार?

बरेच जण ३१ मार्चला शटर ओढून सगळं एकदम मोजतात. चूक जूनची, सापडते मार्चमध्ये. तेव्हा कोणाला काय आठवणार? त्यापेक्षा रोज थोडं मोजा. मी सुचवतो ती पद्धत अशी :

एक. थप्पी सारखी लावा. प्रत्येक थरात ५ गोण्या, असे १० थर, म्हणजे ५०. एका थप्पीत एकच माल. मग एकेक गोणी मोजायची गरजच नाही.

दोन. मालाचे तीन गट करा. महाग किंवा झपाट्याने खपणारा माल 'अ', मधला 'ब', सावकाश जाणारा 'क'. 'अ' दर आठवड्याला, 'ब' महिन्याला, 'क' तीन महिन्यांनी. रोज दुकान बंद करताना पंधरा मिनिटं काढली तरी बरंच काम होतं.

तीन. मोजणाऱ्याला रजिस्टरचा आकडा आधी सांगू नका. सांगितला की नकळत तोच आकडा येतो.

चार. फरक आला तर नुसता आकडा खोडून नवा लिहू नका. त्याच दिवशी कारण शोधा : नोंद राहिली, गोणी फाटली, की माल कमीच उतरला?

आता तुम्ही म्हणाल, मोबाईलने बारकोड स्कॅन केला की झालं! स्कॅन जरूर करा, लिहिण्यातल्या चुका टळतात. पण ८९० ने सुरू होणारा तो नेहमीचा १३ अंकी बारकोड फक्त 'कोणता माल' एवढंच सांगतो. लॉट नंबर आणि मुदत त्यात नसते. ती पाकिटावरून वाचूनच टिपावी लागते.

आणि खरा मुद्दा इथेच आहे. नवा माल पुढे लावला, जुना लॉट मागे दडला, आणि मुदत संपलेलं पाकीट घाईत शेतकऱ्याच्या हातात गेलं, तर? उगवण झाली नाही की दुबार पेरणी. बियाणं पुन्हा, मजुरी पुन्हा, आणि हातची ओल गेलेली. दुकानदाराचा तोटा एका पाकिटाचा, शेतकऱ्याचा अख्ख्या हंगामाचा. म्हणून मोजताना नग आणि तारीख दोन्ही बघा. ज्याची मुदत आधी संपते तो माल पुढे. मुदत संपलेला माल विक्रीतून बाहेर, वेगळ्या जागी, नोंद करून.

किराणा असो, मेडिकल असो, हिशेब हाच. आज रात्री फक्त एक कप्पा मोजून बघा, आणि किती फरक निघाला ते आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात!